पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट

जून 2022 मध्ये आमच्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या दारावर 'धोकादायक इमारत, प्रवेश बंद' असा लाल अक्षरांतला फलक लागला. त्या दिवशी मी तिथे बराच वेळ उभा होतो. इमारत 1894 ची. घडीव काळ्या दगडाच्या भिंती, खाली कमानींचा ओटा, वर सागवानी खांबांची पडवी आणि मंगळुरी कौलांचं छप्पर. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या 1882 च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर गावोगावच्या नगरपालिकांत लोकांनी निवडून दिलेले सभासद बसू लागले, त्या काळातली ही वास्तू. वरच्या सभागृहात त्यांच्या सभा व्हायच्या. खाली जकातीची कचेरी होती, आणि मागच्या अंगाला रस्त्यावरच्या रॉकेलच्या दिव्यांची खोली. आम्ही लहान असेपर्यंत तिला 'कंदीलखोली'च म्हणायचे. कचेरी नव्या इमारतीत गेली आणि इथे फुटके पाइप, जुन्या फायली आणि ब्लिचिंग पावडरच्या गोण्या राहिल्या.

मला जास्त लागलं ते वेगळ्या कारणाने. 1998 मध्ये डिप्लोमा करून मी गावातल्या एका ठेकेदाराकडे साइटवर उभा राहू लागलो. पहिलं काम मिळालं ते याच इमारतीचं: पश्चिमेच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, उकरून त्यात सिमेंट भरायचं. मी ते मन लावून करून घेतलं. एकही फट राहू दिली नाही. काळा दगड पाणी फारसं पीत नाही; पावसाचं पाणी शिरतं ते दर्जांतून, आणि दर्जेत चुना असला तर ते ऊन पडलं की तिथूनच बाहेर पडतं. सिमेंटने ही बाहेरची वाट बंद होते. कुठून तरी आत गेलेलं पाणी मग भिंतीच्या पोटात राहतं आणि भिंतीत गेलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत जातं. चोवीस वर्षांनी तपासणीत ज्या नऊ तुळयांची टोकं कुजलेली निघाली, त्यांतल्या सात पश्चिमेच्या भिंतीतल्या होत्या. हे मला कोणी शिकवलं नव्हतं हे खरं, पण भरलेलं सिमेंट माझं होतं.

फलक लागला तेव्हा नगरपालिकेत प्रशासक होते. इमारत पाडून तिथे व्यापारी संकुल उभं करायचा ठराव तयार होता, कारण नव्या बांधकामाला पैसा मिळवायच्या वाटा सगळ्यांना ठाऊक होत्या. आम्ही सहा जण मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाडायचं पत्र मी थांबवतो. पण उद्या काही पडलं तर जबाबदार मी आहे. मला दोन कागद आणून द्या. इमारत उभी राहू शकते असं सांगणारा एक, आणि पैसे कुठून येतील ते सांगणारा दुसरा." पहिला कागद चार महिन्यांत मिळाला. दुसऱ्याला पावणेतीन वर्षं लागली.

'धोकादायक' हा शेरा ज्या संरचनात्मक तपासणीवरून आला होता, तो अहवाल मी मागून घेतला आणि रात्री वाचत बसलो. दगडी भिंतीवर ठिकठिकाणी रिबाउंड हॅमर मारून आकडे घेतले होते आणि त्यावरून इमारत सी-1, म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ पाडण्यायोग्य, अशा वर्गात टाकली होती. हे यंत्र काँक्रीटचा पृष्ठभाग किती टणक आहे ते पाहण्यासाठी असतं. चुन्यात बांधलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंतीचं बळ त्यातून कळत नाही. अशी भिंत तपासायची तर ती ओळंब्यात आहे का, पोट काढलंय का, कोपरे सुटलेत का, पाया खचलाय का आणि आतला भराव पोकळ झालाय का, हे पाहावं लागतं. आम्ही एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विनंती केली. ते दोन दिवस इमारतीत होते. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या आणि तीन महिने थांबायला सांगितलं. भेग हलती असेल तर काच तडकते. एकही तडकली नाही. अहवालात त्यांनी लिहिलं की भिंती आणि पाया भक्कम आहेत. छप्पर, पडवी आणि तुळयांची टोकं दुरुस्त करावी लागतील, आणि तोवर आत टेकू द्यावेत. आम्ही वर्गणी काढून सागाच्या बल्ल्यांचे टेकू दिले. वर्गणीत भाजी मंडईतल्या गाळेधारकांनी सगळ्यात आधी पैसे दिले, हे लिहून ठेवलं पाहिजे.

टेकू देण्यासाठी गोण्या हलवल्या तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. ब्लिचिंग पावडरच्या वाफेने पडवीच्या लोखंडी ब्रॅकेटांचे पापुद्रे सुटले होते. नुसत्या पावसाने इतकं झालं नसतं. आणि गोण्यांच्या मागे लाकडी कपाटात जुन्या सभांची प्रोसिडिंग बुकं आणि हिशेबाची बाडं होती. बरीचशी मोडीत. त्या बाडांकडे नंतर येतो.

पैसे मागायला निघण्याआधीच मिळकत पत्रिकेने अडवलं. कुठलंही अनुदान मागताना जागा अर्जदाराच्या मालकीची असल्याचा पुरावा लागतो. नगर भूमापनाच्या पत्रिकेवर इमारतीखालच्या जागेपुढे 'म्युनिसिपालिटी' होतं, पण मागच्या कंदीलखोलीच्या तुकड्यापुढे 'सरकार'. म्हणजे एकाच छपराखाली दोन मालक. अनुभवी लोक म्हणाले, मागची खोली अर्जातून वगळा, प्रश्न मिटेल. पण छपराची पन्हळ त्या खोलीवरून जाते. ती वगळली तर पाणी पुन्हा मुख्य भिंतीत येणार. आम्ही वगळली नाही. जुना चौकशी उतारा, जागा दिल्याचा हुकूम, कर आकारणीची नोंद असं सगळं शोधून लावत दुरुस्तीची नोंद व्हायला सात महिने गेले. या सात महिन्यांत मी एवढं शिकलो की अर्ज लिहिण्याआधी मिळकत पत्रिका हातात घेऊन बसावं. आमच्यासारख्या दुसऱ्या कोणाला हे काम करायचं असेल तर त्याने पहिला दिवस याच कागदावर घालवावा.

पुरातत्त्वाच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली जी स्मारकं संरक्षित घोषित झाली आहेत, त्यांच्यावर तो विभाग खर्च करतो. आमची इमारत त्या यादीत नव्हती. यादीत यायचं तर आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना, आणि तोवर छप्पर टिकायला हवं. शिवाय आम्हाला ती वापरात हवी होती, वाचनालय आणि सभागृह म्हणून. आम्ही ती वाट सोडली.

मग कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे. मला वाटलं, आता काम झालंच. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या अधिकारी बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "पैसे घेणार कोण? नगरपालिका की तुम्ही?" आम्ही सहा जण म्हणजे कोणीच नव्हतो. पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 नोंदणी लागते, तिच्यासाठी आयकराची 12-अ आणि 80-जी ही करसवलतीची प्रमाणपत्रं तेव्हा लागायची, आणि नव्याने काढलेली संस्था चालत नाही, मागचं तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं.

तेव्हा मला भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण फार उपयोगी पडलं. ती वास्तू मुंबई महापालिकेची, 1872 ची. 2003 मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. वास्तू महापालिकेचीच राहिली, खाजगी पैसा आला आणि संवर्धनाची जाण असणारी संस्था कामात राहिली. 2005 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. आमचं काम त्याच्यापुढे एवढंसं, पण करार कसा बांधायचा हे त्यावरून समजलं. गावातलं जुनं वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे आणि त्याची कागदपत्रं चोख आहेत. त्याच्या विश्वस्तांनी दोन सभांत चर्चा करून तिसरा पक्ष व्हायचं कबूल केलं.

कारखान्याने अखेर पूर्ण कामाचे पैसे दिले नाहीत. त्यांचं वर्षाचं नियोजन एप्रिल-मेमध्ये ठरतं आणि आम्ही पोचलो दिवाळीनंतर. पण त्या बाईंनी एक गोष्ट सुचवली, जी त्या वेळी मला किरकोळ वाटली होती: इमारतीची मोजमापं, नकाशे आणि सविस्तर प्रकल्प अहवाल एवढ्याचेच पैसे मागा. ते त्या आर्थिक वर्षात संपणारं काम होतं, म्हणून मंजूर झालं. पुढचं सगळं त्या अहवालावर उभं राहिलं. प्रत्येक खिडकी, छपराची प्रत्येक कैची, कौलांच्या ओळी, कुठल्या तुळईचं किती टोक कुजलंय, सगळं कागदावर आलं. संवर्धन वास्तुविशारद बाई पुण्याहून यायच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आठ दिवस आमच्या घरी मुक्काम केला.

अहवाल हातात आल्यावर आम्ही शासनाकडे वळलो. नगरविकास विभागाकडून नगरपालिकांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी विशेष अनुदान मिळतं. त्यासाठी ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जागेचा पुरावा, आणि पुढची देखभाल नगरपालिका करील असं हमीपत्र, असा संच लागतो. आमचा पहिला प्रस्ताव महिन्याभरात परत आला. शेरा होता की दुरुस्तीची कामं नगरपालिकेने स्वनिधीतून करावीत. प्रस्तावाचं नाव आम्ही 'जुन्या इमारतीची दुरुस्ती' असं दिलं होतं. दुसऱ्या वेळी नाव दिलं: 'ऐतिहासिक नगरपालिका वास्तूचे जतन, संवर्धन व सार्वजनिक वाचनालय-सभागृह म्हणून पुनर्वापर'. आतलं काम तेच होतं. पण या नावामुळे गावाला काय मिळणार ते पहिल्या ओळीत आलं, आणि ते आम्ही आधीच लिहायला हवं होतं.

खरी झुंज अंदाजपत्रकाची. सरकारी अंदाजपत्रक दरसूचीवर चालतं. अमुक जाडीची वीटभिंत, अमुक प्रतीचं काँक्रीट, अमुक गिलावा, प्रत्येकाला क्रमांक आणि दर. आम्हाला हव्या असलेल्या बाबी त्यात जशाच्या तशा बसत नव्हत्या. जुन्या दर्जा हाताने उकरणं, मुरवलेल्या चुन्याने दर्जा भरणं, तुळईचं फक्त कुजलेलं टोक कापून सागाचा नवा तुकडा जोडणं, कौलं उतरवून धुऊन चांगली तेवढी परत बसवणं. तांत्रिक मान्यता देणाऱ्या कार्यालयातल्या अभियंत्यांनी स्वच्छ सांगितलं, "दरसूचीबाहेरची बाब असेल तर दरपृथक्करण द्या. नाहीतर सिमेंट पॉइंटिंगची बाब धरा, उद्या सही करतो."

उद्या सही. आचारसंहिता लागायच्या आत. माझ्याबरोबरच्या दोघांना ते मान्य होतं. त्यांचं म्हणणं, आधी पैसे येऊ देत, काम चुन्यात करून घेऊ. पण देयक निघतं ते मंजूर बाबीप्रमाणे. अंदाजपत्रकात सिमेंट लिहिलं की भिंतीत सिमेंटच जातं, हे मी 1998 मध्ये स्वतः करून बसलो होतो. मी नाही म्हणालो. थोडं वाजलंही आमच्यात.

दरपृथक्करण म्हणजे एक चौरस मीटर काम करायला कुठलं साहित्य किती, मिस्त्री किती वेळ, बिगारी किती वेळ, हे तोडून मांडायचं आणि साहित्याची तीन दरपत्रकं जोडायची. कागदावर बसून ते जमेना, कारण चुन्याचं काम केलेला माणूसच आसपास मिळत नव्हता. अखेर शेजारच्या तालुक्यात एक गवंडी मामा सापडले. वय सत्तरीच्या पुढचं. मंदिरांची कामं केलेले. त्यांना घेऊन आलो. ते भिंतीजवळ गेले, नखाने एक दर्जा खरवडली, चिमूटभर चुना जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "यात गूळ आहे. वाळू नदीची. हा चुना अजून शंभर वर्षं धरंल. पलीकडच्या अंगाला कुणी सिमिट भरलं?"

मी सांगितलं, मी. ते काही बोलले नाहीत. पिशवीतून छिन्नी काढून माझ्या हातात दिली आणि एक फूट दर्जा उकरायला लावली. तेवढ्याला मला पाऊण तास लागला आणि दोन दगडांच्या कडा उडाल्या. मग त्यांनी शेजारची एक फूट उकरून दाखवली. दगडाला ओरखडा नाही. दरपृथक्करणात 'कुशल मिस्त्री' पुढे जो वेळ लिहिला, तो त्या दुपारी घड्याळ लावून घेतलेला आहे.

आम्ही एक चौरस मीटरचा नमुना करून पाहिला. कळीचा चुना आणून हौदात विरवला, मुरू दिला, वाळू आणि विटांची सुरखी घालून चुना मळायच्या बैलाच्या घाणीऐवजी छोट्या चक्कीत मळला, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घातलं. रोज किती काय लागलं ते वहीत. इथे ती मोडी बाडं कामाला आली. मोडी वाचणाऱ्या एक ताई रविवारी येऊन पानं लावत होत्या. त्यांना बांधकामाच्या वर्षाच्या जमाखर्चात चुना, गूळ, बेलफळ, ताग यांच्या खरेदीच्या नोंदी मिळाल्या, गाडीभाड्यासकट. आम्ही त्या पानांचं लिप्यंतर करून दरपृथक्करणाला जोडलं. अभियंता साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "ताग कशाला?" गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून धागा, असं सांगितल्यावर त्यांनी स्वतः येऊन नमुना पाहायचं ठरवलं. आले, पाहिला, पाणी मारून पाहिलं, आणि तीन बाबींत आमच्यापेक्षा जास्त मजुरी धरायला सांगितली, कारण आमच्या दरात कोणी माणूस टिकला नसता. त्या दिवसानंतर ते आमच्या बाजूचे झाले.

तोवर 16 मार्च 2024 उजाडला आणि लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनमध्ये ती संपली, फाइल हलली, तांत्रिक मान्यता मिळाली, प्रस्ताव मंत्रालयात गेला. 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली. त्या पावसाळ्यात पडवीच्या दोन कैच्यांवर ताडपत्री टाकून आम्ही दर शनिवारी पाणी उपसत होतो. घरच्यांनी, गावाने, कोणीच 'सोडा आता' म्हटलं नाही, म्हणून तग धरला. प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय आला तो मार्च 2025 मध्ये, वर्षअखेरीच्या गर्दीत. मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी जास्त मंजूर झाली. त्यात छप्पर, तुळया आणि पश्चिमेची भिंत बसते. सभागृहाची जमीन, जिना आणि कंदीलखोली बसत नाही.

निविदेच्या वेळी पुन्हा ताण आला. ऑनलाइन निविदेत सगळ्यात कमी दराला काम जातं. संवर्धनाचा अनुभव असलेलाच ठेकेदार हवा अशी अट घातली तर स्पर्धा मर्यादित होते म्हणून हरकत येते, आणि ती हरकत अगदीच चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही. अशा अटींचा गैरवापर मी पाहिलेला आहे. वास्तुविशारद बाईंनी मार्ग काढला. अनुभवाची अट सौम्य ठेवली, पण निविदेतच लिहिलं की ठेकेदाराने आधी दोन चौरस मीटरचा नमुना करायचा, तो मान्य झाल्याशिवाय त्या बाबीचं देयक निघणार नाही, आणि चुना किमान तीन महिने मुरलेला हवा. काम मिळालं ते रस्त्यांची कामं करणाऱ्या एका तरुण ठेकेदाराला. त्याने मामांना रोजावर ठेवलं आणि स्वतःच्या दोन पोरांना त्यांच्या हाताखाली दिलं.

जूनमध्ये इमारतीच्या मागे हौद खणून चुना विरवला. पावसाळाभर तो पाण्याखाली मुरत होता. सभागृह आणि कंदीलखोलीसाठी दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव आम्ही तयार करतो आहोत, पण पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा हप्ताच येणार नाही, तेव्हा नवी मागणी त्याच्यानंतर. जिन्यासाठी वाचनालयाने देणगीची पेटी ठेवली आहे.

ऑक्टोबरमध्ये परांची बांधून पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. मामांनी पहिल्या दिवशी मला फोन करून बोलावून घेतलं. मापन पुस्तिकेत पहिली नोंद आहे: 'सिमेंटच्या दर्जा हाताने उकरून काढणे, 3.20 चौरस मीटर.' त्यातला 0.40 मी काढलेला आहे. दगडाची एकही कड उडाली नाही. सिमेंट निघालं तशी आतली माती ओली लागली, दिवाळी जवळ आलेली असतानाही. मामा म्हणाले, "आठ दिवस उघडी ऱ्हाऊ द्या. श्वास घिऊ द्या तिला. मग चुना."